मिठाच्या पुडीपासून हस्तकलेच्या बाजारापर्यंत

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीची भांडी मांडून बसलेल्या विक्रेत्यांसमोर जो संवाद चालतो, तो गोव्यात कोणालाही नवा नाही. मडके उचलायचे, बोटाने वाजवून पाहायचे, किंमत विचारायची आणि ती कळली की अर्ध्यावर आणून मागायची. हेच गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून प्लास्टिकची बादली मात्र छापील किमतीला मुकाट्याने उचलते. यंत्रातून निघालेल्या वस्तूची किंमत कारखाना ठरवतो, हाताने घडवलेली वस्तू उघड्यावर विकायला बसली की तिची किंमत घेणाऱ्याने ठरवायची, असा आपल्याकडे अलिखित दंडकच आहे. जत्रांचे आणि हस्तकला मेळ्यांचे दिवस आले की तो दंडक ठिकठिकाणी दिसतो.

हा दंडक मोडावा म्हणून ज्या बाईने आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे वेचली, ती आपल्या शेजारचीच होती. कमलादेवी चट्टोपाध्याय हे नाव बंगाली वाटते आणि त्यामुळे त्यांना बंगाली समजणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात त्या मंगळूरच्या. जन्म ३ एप्रिल १९०३, चित्रापूर सारस्वत कुटुंबात, माहेरचे आडनाव धारेश्वर, घरची भाषा कोंकणी. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या सारस्वतांचा जो मोठा विस्तार कारवारपासून मंगळूरपर्यंत झाला, त्यातलेच हे घर. वडील अनंतय्या धारेश्वर सरकारी सेवेत मोठ्या हुद्द्यावर होते. आई गिरिजाबाई शिकलेल्या, वाचणाऱ्या आणि स्वतःचे मत असलेल्या. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले, रमाबाई रानडे, ॲनी बेझंट अशा मंडळींशी या घराचा स्नेह होता. पुण्यातील सुधारणेचे वारे मंगळूरच्या या ओसरीपर्यंत पोहोचले होते.

या घराला पहिला धक्का बसला तो कमलादेवी सात वर्षांच्या असताना. वडील वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे सगळी मालमत्ता सावत्र भावाकडे गेली आणि विधवेच्या वाट्याला मासिक पोटगी आली. गिरिजाबाईंनी ती नाकारली. स्वतःच्या स्त्रीधनावर मुलींना वाढवायचे त्यांनी ठरवले. आपल्या हक्काचे जे नाही ते उपकार म्हणून घ्यायचे नाही, हा धडा त्या मुलीने फार लवकर पाहिला. पुढे कारागिरांसाठी काम करताना कमलादेवींना दयेची भाषा कधीच रुचली नाही, त्याचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

थोरली बहीण सगुणा लग्नानंतर अल्पवयातच गेली. कमलादेवींचा विवाह १९१७ साली, त्या चौदा वर्षांच्या असताना झाला आणि दोनच वर्षांत त्यांना वैधव्य आले. सारस्वत समाजातील बालविधवेचे पुढचे आयुष्य कसे असायचे, हे वेगळे सांगायला नको. पण गिरिजाबाईंनी मुलीला शिकवायचे सोडले नाही. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात शिकत असताना सरोजिनी नायडूंची धाकटी बहीण सुहासिनी यांच्याशी मैत्री झाली आणि तिच्यामुळे त्यांचा भाऊ हरिंद्रनाथ यांच्याशी परिचय. हरिंद्रनाथ कवी, नट आणि नाटककार. कमलादेवींनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. विधवेने पुन्हा लग्न करायचे, तेही जातीबाहेर आणि प्रांताबाहेर, यावर समाजात गदारोळ व्हायचा तो झालाच. पुढे मुलगा झाला, नाटकांचे दौरे झाले, लंडनला जाऊन समाजशास्त्राचा अभ्यास झाला. संसार मात्र टिकला नाही. काही वर्षांनी कमलादेवींनी स्वतः पुढाकार घेऊन कायदेशीर घटस्फोट घेतला. त्या काळात ही गोष्ट पुनर्विवाहाहूनही अधिक धाडसाची होती. चट्टोपाध्याय हे नाव तेवढे कायमचे राहिले.

लंडनमध्ये असतानाच असहकाराच्या चळवळीची हाक त्यांच्या कानी पडली आणि १९२३ च्या सुमारास त्या परतल्या. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवादलाची उभारणी चालवली होती. त्याच्या महिला शाखेचे काम कमलादेवींकडे आले. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन, म्हणून सीमाभागात त्याची आठवण आजही निघते. त्या अधिवेशनातील महिला स्वयंसेविकांची फळी उमाबाई कुंदापूर यांनी उभी केली होती. बायकांनी गणवेश घालून शिस्तीत रांगा लावणे हे दृश्यच बेळगावकरांना नवे होते.

१९२६ साली मद्रास विधिमंडळाची निवडणूक आली. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंच्या आग्रहावरून कमलादेवी उभ्या राहिल्या. भारतात विधिमंडळासाठी निवडणूक लढवणारी ही पहिली स्त्री. तयारीला वेळ मिळाला नव्हता, पक्षाचे पाठबळ नव्हते, तरी अवघ्या ५५ मतांनी त्या हरल्या. पुढच्याच महिन्यांत, जानेवारी १९२७ मध्ये, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. त्या परिषदेचे संघटन करणाऱ्यांत कमलादेवी पुढे होत्या. परिषदेच्या या प्रयत्नांतूनच १९३२ साली दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज निघाले.

इथवरचा तपशील त्या काळच्या इतर पुढारी स्त्रियांच्या चरित्रांतही थोड्याफार फरकाने सापडतो. कमलादेवींचे वेगळेपण १९३० च्या एप्रिलमध्ये दिसले, आणि ते विक्रीच्या प्रसंगातून दिसले.

दांडीयात्रेत गांधीजींनी स्त्रियांना घेतले नव्हते. कमलादेवींना हे पटले नाही. मीठ हा स्वयंपाकघरातला जिन्नस, रोज त्याला हात लावणारी बाई, आणि कायदा मोडायला मात्र फक्त पुरुष, हा हिशेब त्यांना चुकीचा वाटत होता. यात्रा चालू असतानाच त्या गांधीजींना भेटल्या आणि सत्याग्रहात स्त्रियांना प्रवेश मिळवूनच परतल्या. मुंबईत मिठाचा कायदा मोडण्यासाठी निघालेल्या पहिल्या सात जणांच्या तुकडीत दोन स्त्रिया होत्या. एक कमलादेवी आणि दुसऱ्या अवंतिकाबाई गोखले. अवंतिकाबाई मूळच्या इंदूरच्या. गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र त्यांनी १९१८ साली लिहिले होते आणि त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती. इंदूरची एक आणि मंगळूरची एक अशा दोघी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर चूल पेटवून खारे पाणी आटवू लागल्या.

असे आटवलेले मीठ कसे असते, हे आगरावर राबणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. वाफ्यात उन्हाने हळूहळू बसणारे मीठ वेगळे आणि कढईत घाईने आटवलेले वेगळे. त्यात रेती येते, कडवटपणा येतो, रंग मळकट असतो. जिन्नस म्हणून त्याला बाजारात कोणी विचारले नसते. पण कमलादेवींनी त्या मिठाच्या पुड्या बांधल्या आणि त्या विकायला बाहेर पडल्या. रस्त्यांवर विकल्या, न्यायालयाच्या आवारात विकल्या आणि थेट मुंबईच्या शेअर बाजारात शिरून विकल्या. जिथे रोज कापसाचे नि गिरण्यांच्या समभागांचे सौदे व्हायचे, तिथे चिमूटभर मळकट मिठाचा लिलाव झाला. पहिली पुडी ५०१ रुपयांना गेली, असे नोंदले गेले आहे. त्या काळात ही रक्कम कारकुनाच्या वर्षभराच्या पगाराच्या आसपास होती.

या प्रसंगाकडे बहुतेक चरित्रकार धैर्याचा नमुना म्हणून पाहतात आणि ते धैर्य होतेच. त्यासाठी त्यांना अटक झाली, तुरुंगवास घडला, आणि पुढच्या काळात अशी अनेक वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. पण मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वस्तूची किंमत तिच्या वजनावर किंवा पांढरेपणावर ठरत नाही. ती कोणी, कशासाठी आणि काय सोसून बनवली हे घेणाऱ्याला माहीत असेल तर तो वेगळा हिशेब करतो. शेअर बाजारातल्या दलालाला हे त्या दिवशी कळले, कारण बनवणारी बाई स्वतः समोर उभी होती. पुढे वीस वर्षांनी हस्तकलेच्या बाजाराचा विचार करताना त्यांनी हाच धागा पुन्हा हाती घेतला, असे त्यांच्या कामाचा क्रम पाहिला की वाटते. स्वतः त्यांनी तसा संबंध जोडला होता की नाही, हा प्रश्न वेगळा.

मधल्या वर्षांवरून भराभर पुढे जायला हरकत नाही. १९३१ साली त्यांनी ‘मृच्छकटिक’ या मूकपटात भूमिका केली. घरंदाज बाईने पडद्यावर येणे त्या काळी लाजिरवाणे समजले जाई, आणि ही तर काँग्रेसची पुढारी. १९३४ नंतर त्या काँग्रेस समाजवादी पक्षात रमल्या, १९३६ साली त्याच्या अध्यक्षही झाल्या. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या परदेशात होत्या. अमेरिकेत दौरे करताना दक्षिणेकडील एका रेल्वेगाडीत गोऱ्यांच्या डब्यातून उठायला सांगितल्यावर त्यांनी उठण्यास नकार दिला. भारतीय म्हणून सवलत मिळत होती, तीही त्यांनी घेतली नाही. आपली गणना गौरेतरांतच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

१९४७ आले. चळवळीतले सहकारी मंत्री, राज्यपाल, राजदूत झाले. कमलादेवींनाही पदांची वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही आणि पंजाब नि सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांकडे त्या वळल्या. १९४८ साली इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन ही संस्था उभी राहिली. दिल्लीजवळच्या छत्तरपूरला निर्वासित शेतकऱ्यांची सहकारी शेती सुरू झाली. मग फरिदाबाद. सरहद्द प्रांतातून आलेल्या सुमारे ५०,००० माणसांसाठी नवे गाव वसवायचे होते. हे गाव ठेकेदाराकडून बांधून न घेता निर्वासितांनी स्वतःच्या हातांनी बांधावे, त्याची मजुरी त्यांना मिळावी आणि त्यांच्याच सहकारी संस्थांनी ते चालवावे, ही कल्पना. ज्या माणसांनी कालपर्यंत जमिनी आणि दुकाने सांभाळली होती, ती विटा वाहू लागली. शाळा, दवाखाना, घरे उभी राहिली. पुढे सरकारी खात्यांनी एकेक काम आपल्याकडे ओढले आणि सहकाराचा गाभा विरत गेला. आजचे फरिदाबाद कारखान्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. ते बांधणाऱ्यांच्या सहकारी संस्थांची आठवण फारच थोड्यांना आहे.

छावण्यांतूनच हस्तकलेचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्याने उभा राहिला. निर्वासित बायकांच्या हातात फुलकारी होती, विणकाम होते, पुरुषांच्या हातात लाकूड आणि चामड्याची कामे होती. मागे काही राहिले नव्हते, हात तेवढे बरोबर आले होते. त्या हातांना काम द्यायचे, तर केलेली वस्तू विकणार कोठे? धान्य शेवटी घरात खाता येते, भरतकाम खाता येत नाही. ते विकलेच पाहिजे. म्हणजे उत्पादनाच्या आधी बाजाराचा विचार करावा लागतो. चळवळीच्या माणसांना हा विचार सहसा सुचत नाही. खादीच्या बाबतीत त्याची किंमत अनेकांनी मोजली होती.

दिल्लीत जनपथावर युद्धकाळातील लष्करी बराकी होत्या. तिथे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम उभे राहिले आणि १९५२ च्या सुमारास त्याची व्यवस्था कमलादेवींच्या सहकारी युनियनकडे आली. त्याच वर्षी अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. एम्पोरियमचे काम त्यांनी ज्या बायकांच्या साहाय्याने केले त्यांपैकी अनेकींनी आयुष्यात कधी दुकान चालवले नव्हते. पण वस्तू कोणत्या जिल्ह्यातून आली, कोणत्या गावची, कोणत्या हाताची, हे त्या गिऱ्हाइकाला सांगू शकत. पाटी लावलेली, घडी घातलेली, ठरलेल्या किमतीची वस्तू. घासाघीस नाही. बाजारात बसलेल्या कारागिराला जो मान मिळत नव्हता, तो त्याच्या वस्तूला निदान दुकानात मिळाला.

मंडळाच्या अध्यक्ष म्हणून त्या देशभर हिंडल्या. रेल्वे, बस, बैलगाडी, वेळ पडली तर पायी. विस्मृतीत गेलेल्या कलांचा माग काढणे हे त्यांचे खरे व्यसन झाले. आंध्रातील श्रीकाळहस्तीला कलमकारी करणारे हात संपत आले होते. देवळांच्या मंडपात टांगायचे ते चित्रपट कोणी मागेनासे झाले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे प्रशिक्षण केंद्र निघाले, एका जुन्या जाणत्या कारागिराला गुरू म्हणून बसवले, आणि कलमकारी वाचली. जयपूरची निळी भांडी घडवण्याची कलाही अशीच मोडकळीला आली होती. कमलादेवींच्या पाठबळाने आणि चित्रकार कृपालसिंह शेखावत यांच्या परिश्रमाने ती पुन्हा उभी राहिली. आज जयपूरला जाणारा प्रवासी निळ्या मुठीचे कपाट आणि निळी तबकडी घेऊन येतो, तेव्हा ही कला जयपूरला अखंड चालत आली असेच त्याला वाटते.

मराठी वाचकांच्या वस्तीच्या आसपास पाहिले तरी ही नावे कमी नाहीत. हैदराबादकरांना बिदरीचे काळे-रुपेरी काम ठाऊक आहे, बडोदेकरांना संखेड्याची लाखेने रंगवलेली लाकडी आसने, ग्वाल्हेरकरांना चंदेरी, इंदूरकरांना महेश्वरी. खानापूरची माती आणि डिचोलीची माती भांड्यांसाठी नावाजलेली. प्रत्येक कलेला जिल्ह्याचे नाव चिकटलेले आहे आणि घडवणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. कमलादेवींना हे खटकत होते. चित्रकार सही करतो, गवई नाव लावतो, तर कुंभाराला नाव का नसावे? १९६५ साली निष्णात कारागिरांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. राष्ट्रपतींच्या हस्ते विणकराचा, लोहाराचा, सुताराचा सन्मान होऊ लागला. नाव घेऊन पुकारले जाणे ही ज्यांच्या घराण्यात कधी न घडलेली गोष्ट होती, ती माणसे पागोटी सावरत त्या दालनात बसली.

वस्तू आणि घडवणारा यांची ताटातूट होऊ नये, हा त्यांचा आग्रह वर्षागणिक वाढत गेला. १९५६ साली दिल्लीत हस्तकला संग्रहालय निघाले ते कारागिरांना जुने उत्तम नमुने पाहायला मिळावेत म्हणून. पुढे प्रगती मैदानावर त्याला गावाच्या घडणीचा परिसर मिळाला आणि तिथे कारागीर येऊन बसू लागले. प्रेक्षकांच्या समोर चाक फिरवायचे, माग चालवायचा, तिथेच वस्तू विकायची. खुल्या हस्तकला मेळ्याचे आज जे रूप आपण पाहतो त्याची ही घडण. वस्तूच्या शेजारी माणूस बसवला की दोन गोष्टी घडतात. घेणाऱ्याला श्रम दिसतात, म्हणून तो अर्धी किंमत सांगायला कचरतो. आणि कारागिराला घेणारा दिसतो, म्हणून काय आवडते, काय परत ठेवले जाते, कोणता रंग हाताळून सोडून दिला जातो, हे त्याला मधल्या व्यापाऱ्याशिवाय कळते. हे दुसरे काम पहिल्याहून मोलाचे, असे माझे मत आहे. दलाल कारागिराकडून फक्त नफा घेत नाही, गिऱ्हाइकाची माहितीही स्वतःकडेच ठेवतो. त्या माहितीवाचून कारागीर आंधळा राहतो आणि सांगितले तेवढेच करत बसतो.

१९६४ हे वर्ष त्यांच्या कामात विशेष फळाचे. मद्रासला भारतीय हस्तकला परिषद स्थापन झाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला जागतिक हस्तकला परिषदही. दोन्हींच्या उभारणीत कमलादेवी होत्या. सरकारी मंडळ असताना वेगळी परिषद कशाला, असे तेव्हाही विचारले गेले असणार. उत्तर फरिदाबादने आधीच दिले होते. सरकारच्या हाती दिलेले काम सरकारच्या गतीने आणि सरकारच्या मर्जीने चालते. एम्पोरियमही कालांतराने सहकारी युनियनकडून गेले आणि १९७६ साली त्याचे सरकारी महामंडळ झाले. परिषदा स्वयंसेवी राहिल्या, राज्याराज्यांत त्यांच्या शाखा निघाल्या आणि त्यांनी मोकळ्या मैदानांत हस्तकलेचे बाजार भरवायला सुरुवात केली. १९६६ साली कमलादेवींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पद्मभूषण त्याआधीच, १९५५ साली, मिळाले होते.

त्यांच्या कामावर आक्षेप नव्हते असे नाही, आणि ते खोडून काढण्याची घाई करण्याचे कारण नाही. एम्पोरियमने दलाल हटवला, पण त्याच्या जागी शहरातील सुशिक्षित निवडकर्ता आला. कोणती वस्तू उत्तम, कोणती भडक, कोणता रंग अस्सल आणि कोणता बाजारू, हे तो ठरवू लागला. गावच्या जत्रेत जी गुलाबी-हिरवी खेळणी पोरे हट्टाने घेत, ती दिल्लीच्या मांडणीवर आली तेव्हा मातकट रंगांची झाली होती. दुसरे असे की घरात वापरायची वस्तू दिवाणखान्यात ठेवायची वस्तू झाली. ज्या घागरीने पाणी भरले जायचे त्या घागरीत वाळलेल्या फांद्या खोचल्या गेल्या. कमलादेवींना हे दिसत नव्हते असे म्हणता येत नाही. वस्तू वापरातली असावी, केवळ शोभेची नसावी, हे त्यांनी आपल्या पुस्तकांत वारंवार मांडले. स्वतः त्या हातमागाची साडी नेसत, केसांत फुले माळत, ठसठशीत रुप्याचे दागिने घालत, आणि हे सगळे रोजच्या वावरात. पण वापराची वस्तू गरिबाच्या घरातून निघून श्रीमंताच्या घरात शोभेला बसण्याची प्रक्रिया एका व्यक्तीच्या आग्रहाने थांबणारी नव्हती. ॲल्युमिनियम स्वस्त होते, मग प्लास्टिक त्याहून स्वस्त झाले. मडक्याचे जुने गिऱ्हाईक गेले होते, नवे शोधावेच लागले. ते शहरात सापडले.

एक अडचण मेळ्यात गाळा मांडणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. चांगली वस्तू पाहून मोठा व्यापारी येतो आणि अशाच पाचशे हव्यात, महिन्यात हव्यात, आणि सगळ्या अगदी एकसारख्या हव्यात म्हणतो. हाताने केलेल्या वस्तू एकसारख्या नसतात, तोच त्यांचा गुण. पण मागणी नाकारावी तर घर चालत नाही, घ्यावी तर घरातली पोरे शाळा सोडून कामाला बसतात आणि काम उतरते. सहकार हे त्यावरचे कमलादेवींचे उत्तर होते. दहा घरांनी मिळून मागणी घ्यायची, कच्चा माल एकत्र आणायचा, उसने पैसे सावकाराऐवजी संस्थेकडून घ्यायचे. उत्तर बरोबर होते. दहा घरांना एकत्र बांधून ठेवणारी माणसे सगळीकडे मिळाली नाहीत, एवढेच.

नाटकाचे वेडही शेवटपर्यंत टिकले. भारतीय नाट्य संघ त्यांनीच उभा केला, संगीत नाटक अकादमीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या आरंभाशीही त्यांचा संबंध आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवायचे की बाहुल्या, मुखवटे, रंगभूषा, पोशाख यांकडे त्या नाटकाचे सामान म्हणून पाहत नसत, कारागिरी म्हणून पाहत.

वार्धक्यात त्यांनी लिहिणे वाढवले. भरतकाम, गालिचे, हस्तकलेचा वारसा यांवरची पुस्तके १९७० च्या दशकात आली आणि १९८६ साली ‘इनर रिसेसेस, आउटर स्पेसेस’ हे आत्मचरित्र आले. ते वाचताना एक गोष्ट खटकते आणि आवडतेही: त्यात स्वतःच्या संसाराविषयी फारच थोडे आहे. माणसे आहेत, प्रवास आहे, संस्था आहेत; दुःख मात्र एखाद्या वाक्यात उरकले आहे. १९८७ साली पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी हरियाणात, त्यांच्या फरिदाबादच्या परिसरातच, सूरजकुंडला खुला हस्तकला मेळा सुरू झाला. त्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ साली, दिल्लीत दिल्ली हाट सुरू झाले. गावच्या आठवडी बाजाराच्या धर्तीवर बांधलेले, पण बारमाही. तिथले गाळे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी मिळतात. मुदत संपली की सामान आवरून पुढच्याला जागा द्यायची. कारागिराचे ओळखपत्र पुढे करून व्यापारीच गाळा चालवतो, अशी तक्रार तिथे अधूनमधून होते. ती होते म्हणून मग तपासणी होते, ओळखपत्रे पाहिली जातात, आणि कधी कधी समोर बसलेल्या माणसाला ती वस्तू तिथेच करून दाखवायला सांगतात.